एका दाबाचे दोन

लाल बटणाच्या उजव्या कडेला चकाकी आली होती. ज्योत्स्नाने बटण काढून भिंगाखाली धरलं. झिजलेला भाग चंद्रकोरीसारखा होता, सर्वांत रुंद जागी साडेतीन मिलिमीटर, आणि तेवढ्यात प्लास्टिकचा खडबडीतपणा पार गेला होता. तिने व्हर्नियर लावून जाडी मोजली. मध्यभागी होती तेवढीच, कडेला दोन दशांश मिलिमीटरने कमी. नुसत्या बोटाच्या कातडीने एवढं प्लास्टिक खायला किती वेळा दाबावं लागलं असेल, हे गणित तिने मनात मांडायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. आठ महिन्यांपूर्वी हे बटण कोरं करकरीत होतं.

"घासलंय ना?" समोरच्या खुर्चीवरून सलाउद्दीनने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, कौतुकाची अपेक्षा होती. "रोज तीन तास, मॅडम. जुम्म्याला पाच."

"पाच कुठले, सहा," शेजारी बसलेली त्याची बायको गुलजारबी म्हणाली. "ताटातली भाजी गार होऊन जाते, ह्यांचं विमान काही खाली उतरत नाही."

"उतरलं की मेलं ना ते. तुला गेम कळत नाही."

"मला भाजी कळते."

रविवार होता. सकाळची एसटी पकडून दोघं मालेगावहून निघाली होती आणि अकराच्या सुमाराला नाशिकच्या इंदिरानगरला पोचली होती. आल्या आल्या गुलजारबीने पिशवीतून चार डाळिंबं काढून टेबलावर ठेवली, पक्कड आणि सोल्डरिंगच्या तारेच्या मधोमध. फ्लॅटची ही मागची खोली म्हणजे ज्योत्स्नाचं कामाचं ठिकाण. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे ते कॅसेटचे गेम, त्यांचे रिमोट ती दुरुस्त करत असे. पुस्तकी नाव कंट्रोलर, पण ज्यांचं बालपण त्यांच्यावर गेलं ते सगळे रिमोटच म्हणतात, म्हणून तीही म्हणे. कुणाला माळ्यावर सापडलेला रिमोट पुन्हा चालू करून हवा असायचा, कुणाला डावखुऱ्या हातासाठी उलटा बांधून हवा असायचा, कुणाला पूर्वीच्या दुकानांतल्या मोठ्या मशिनला असायची तसली दांडी हवी असायची. ज्योत्स्ना फिजिक्सची एम.एस्सी. होती. चौदा वर्षं तिने एका ज्युनियर कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं आणि तिथली तुकडी बंद झाल्यावर घरी बसून हे सुरू केलं होतं. लोक तिच्याकडे लांबून येत, कारण तिने हात लावलेला रिमोट फसवत नाही असा तिचा लौकिक होता.

त्या लौकिकाचा विचार आला की अलीकडे तिला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारख्या वाटत.

सलाउद्दीनचा रिमोट हा खरं तर एक लाकडी पाट होता. टेबलावर ठेवायचा. डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं दिशेचं बटण, डाव्या अंगठ्यासाठी. उजवीकडे हे मोठं लाल बटण, जरासं तिरकं बसवलेलं, कारण सलाउद्दीनच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. अंगठ्यासकट बाकीची तीन, सहा वर्षांपूर्वी यंत्रमागाच्या दात्यांत गेली होती. त्याआधी तो गल्लीतला नावाजलेला खेळाडू होता. शुक्रवारी लूम बंद असले की नमाजनंतर सगळी पोरं टीव्ही गेमच्या दुकानात जमायची, आणि विमानाच्या गेममध्ये सलाउद्दीनला हरवेल असा कुणी नव्हता. ते दुकान कधीच बंद पडलं होतं. हात गेल्यावर तो मेहुण्याच्या गाद्यांच्या दुकानात बसायला लागला होता, नुसता बसायला. गुलजारबी घरी कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायची, आणि घर चालायचं. त्यांच्या मुलीने, अरिबाने, मोबाइलवर ज्योत्स्नाचा पत्ता शोधून काढला आणि वडलांना जबरदस्तीने नाशिकला धाडलं.

तो पहिला दिवस ज्योत्स्नाला नको इतका स्पष्ट आठवत होता. तिने एक साधं बटण तिच्या मोजणीच्या डबीला जोडलं होतं. ही डबी तिनेच बनवलेली. रिमोटकडून दहा सेकंदांत किती इशारे आले, तेवढा आकडा दाखवायची. सलाउद्दीनने दोन बोटांनी जीव तोडून बटण हाणलं. सत्तेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस.

"चांगला हात असलेल्या माणसाचे किती होतात?" त्याने विचारलं होतं.

"साठ. फार तर सत्तर."

"माझे नव्वदच्या वर व्हायचे. तुम्हाला खोटं वाटेल." असं म्हणून त्याने उजवा हात टेबलाखाली घेतला होता. सावकाश, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून वर राहिला होता.

हात टेबलाखाली घेण्याच्या त्या हालचालीने सगळं केलं. पाट बांधताना ज्योत्स्नाने लाल बटणाच्या तारेत एक चिप घातली, तुरीच्या डाळीएवढी. तिचं काम एवढंच की बटण एकदा दाबलं की पुढे दोन इशारे पाठवायचे. टीव्हीवरचा गेम सेकंदाला पन्नास वेळा बटणाची चौकशी करतो, तेवढ्या वेळात एका दाबाचे दोन अगदी आरामात बसतात. चिपच्या शेजारी तिने दोन पिना ठेवल्या आणि त्यांच्यावर एक काळी टोपी बसवली, मुंगळ्याएवढी. टोपी असली की चिप चालू. टोपी काढली की बटण सरळ, जसं असायला हवं तसं. काढता येणारी टोपी ठेवली म्हणजे आपल्याला तेव्हाच त्याला सांगायचं होतं, असं ती आठ महिने स्वतःला सांगत आली होती. आधी त्याला खेळू द्यावं, मग गंमत म्हणून उघडून दाखवावं, हवं तर ठेवा, नको तर काढा, असं म्हणावं. तिच्या डोक्यात त्या वाक्यांचा क्रमसुद्धा तयार होता.

पण पाट घ्यायला सलाउद्दीन आला आणि डबीवर ब्याण्णव आकडा उमटला तेव्हा तो उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मॅडम," तो म्हणाला होता, "हात मेला नव्हता. झोपला होता."

त्यानंतर ती वाक्यं तोंडातून बाहेर येणं शक्य नव्हतं. निदान त्या दिवशी नव्हतं. आणि त्या दिवशी नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं. नाशिकमधले जुन्या गेमचे हौशी लोक तीन महिन्यांतून एकदा एका हॉलमध्ये जमायचे, स्पर्धा लावायचे. घरी बांधलेले रिमोट चालत, पण त्यांत लबाडी नको म्हणून ज्योत्स्नाने स्वतः एक नियम लिहून दिला होता: एक दाब, एक इशारा. प्रत्येक रिमोट तपासून त्यावर सहीची चिठ्ठी डकवण्याचं कामही तिचंच. सलाउद्दीनच्या पाटावर तिने ती चिठ्ठी डकवली. त्याच्या हातात पाट होता, मागे रांग होती, आणि तिने सही केली. तो दुसरा आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी व्हिडिओ काढला. त्यात एका कोपऱ्यात टाळ्या वाजवणारी ज्योत्स्नाही दिसते.

कॉलेजात असताना प्रयोगाची रीडिंग जुळवून आणणारी मुलं तिला वही न उघडता ओळखू यायची. फार सुंदर आलेख. ती शांतपणे वही परत करायची आणि म्हणायची, पुन्हा कर. कुणाला ओरडायची गरज पडली नव्हती.

आता तिने बटण भिंगाखालून काढलं. "साफ करून देते," ती म्हणाली. "आत धूळ गेली असेल."

"साफ तर कराच," सलाउद्दीन खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "पण आज खरं काम वेगळं आहे. एक कागद पाहिजे तुमच्या सहीचा."

"कसला कागद?"

"की सदर इसमाची दोन बोटं सेकंदाला दहा वेळा चालतात. मराठीत लिहा, इंग्लिशमध्ये लिहा. सेठला दोन्ही वाचता येत नाही, पण सही ओळखतो."

चहाचा ट्रे घेऊन ज्योत्स्नाचा नवरा गोरक्ष नेमका आत आला. लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे तो मालाची पारख करायचा, आणि रविवारी घरी असला की चहाचं खातं त्याच्याकडे असायचं. "सदर इसम!" तो हसला. "पंचनामा करायचा का काय, सलाउद्दीनभाई?"

"पंचनामाच समजा, गोरक्षभाऊ. शनिवारपासून लूमवर चाललोय."

ज्योत्स्नाच्या हातातला ब्रश थांबला.

"लूमवर?" गोरक्षने विचारलं.

"चार लूम देणार आहे सेठ. शुक्रवारी बंद असतात, नवा माणूस शनिवारी लागतो." सलाउद्दीनने चहा डाव्या हातात घेतला. उजवा हात टेबलावर होता, उघडा, दोन बोटं पुढे केलेली. तो आता लपवत नसे. "काम काय असतं? धागा तुटला की गाठ मारायची. सूत आडवं नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की झटकन बदलायची. हे सगळं बोटांचं काम. सेठला व्हिडिओ दाखवला, तर म्हणतो खेळ वेगळा, लूम वेगळा, कुणी शिकलेल्या माणसाकडून लिहून आण. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत आपल्याकडे. सायन्सवाल्या आहेत."

"म्हणजे उद्या काही झालं तर शेठ मोकळा," गोरक्ष म्हणाला. "बाईंनी लिहून दिलं होतं म्हणायचं. शेठलोक लय हुशार असतात, आमच्याकडचे बघतो ना मी."

"होतं काय त्यात? मंद माणसाला होतं. तेव्हा मला सोळा तास झाले होते उभं राहून, डोळा लागत होता. आता हात जागा आहे. दहा सेकंदांत शंभर पडतात. घरात बसून मी म्हणत नाही, हॉलमध्ये मॅडमच्या मशीनवर मोजलेले आहेत." आणि मग, आवाज जरा खाली घेऊन, "सहा वर्षं गाद्यांवर बसलो, भाऊ. गिऱ्हाईक आलं तरी मेहुणा म्हणतो तुम्ही बसा. बसा, बसा. कुत्र्यालासुद्धा कुणी एवढं बसा म्हणत नाही."

गोरक्षने ट्रे टेबलावर ठेवला.

ज्योत्स्नाने गुलजारबीकडे पाहिलं. गुलजारबी बशीतला चहा फुंकत होती. "तुम्हाला चालतंय हे?" ज्योत्स्नाने तिला विचारलं. एखादा नकार तिकडून यावा, एवढीच त्यात आशा होती.

"मी नकोच म्हणते, ताई. त्या दिवशी कारखान्यातून ह्यांना आणलं तेव्हा ओढणीत हात गुंडाळलेला, तो मीच सोडला होता. पण हे म्हणतात आकडा बघ. आता मला आकड्यातलं काय कळतं?" तिने बशी खाली ठेवली. "मी म्हटलं, ताईंनी लिहून दिलं तर मी तोंड उघडणार नाही. ताई काही खोटं लिहायच्या नाहीत."

"आधी साफ करते," ज्योत्स्ना म्हणाली. "मग मोजू. मग कागदाचं बघू."

पाट घेऊन ती खिडकीजवळच्या छोट्या टेबलाकडे गेली. तिथे उजेड चांगला असतो, हे कारण खरं होतं. तिथे पाठ त्यांच्याकडे होते, हेही खरं होतं. तिने खालची पट्टी उघडली. धूळ फारशी नव्हती. चिप होती, पिना होत्या, काळी टोपी होती.

दोन बोटांचा माणूस, सेकंदाला पाच. चार लूम, चारी धडधडत असलेले. कांडी बदलायला धोट्याकडे हात जाणार, तो हात दहाच्या हिशोबाने जाणार. हे तिला इतकं लख्ख दिसत होतं की त्यात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागद लिहायचा नाही, हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता तो का लिहायचा नाही ते कसं सांगायचं. आणि मग तिच्या लक्षात आलं की सांगायची गरजच नाही. टोपी काढली की आकडा आपोआप खाली येईल. आकडा खाली आला की कागद नाही. कागद नाही तर लूम नाही. हात वाचेल आणि आपण काही बोललोही नसू.

तिला हलकं वाटलं. त्या हलकेपणाचा वास तिला ओळखीचा होता, जुळवलेल्या रीडिंगच्या वह्यांना तोच यायचा. तरीही तिने चिमटा घेतला आणि टोपी उपटली. टोपी चिमट्यातून निसटून कुठेतरी गेली. तिने शोधली नाही. ब्रश फिरवला, बटण बसवलं, पट्टी लावली, पाट आणून डबीला जोडला.

"बघा," ती म्हणाली.

सलाउद्दीनने बाही वर सारली. गोरक्ष भिंतीला टेकून उभा राहिला. डबीचा दिवा लागला आणि सलाउद्दीनची बोटं सुरू झाली, खांद्यापासून सगळा माणूस त्या दोन बोटांत उतरलेला. दहा सेकंद फार असतात. दिवा विझला.

एकावन्न.

सलाउद्दीन आकड्याकडे बघत राहिला. "चालू उशिरा झालं का?"

"पुन्हा करा."

अठ्ठेचाळीस. मग एकोणपन्नास, आणि शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बटण जड झालंय का, मॅडम? साफ केल्यामुळे?"

"नाही. स्प्रिंग तीच आहे."

"मग मशीन?"

ज्योत्स्नाने पाट आपल्याकडे ओढला आणि आपल्या बोटाने दाबून दाखवलं. त्रेसष्ट. "मशीन ठीक आहे," ती म्हणाली.

स्प्रिंग खरोखर तीच होती. मशीन खरोखर ठीक होतं. आपण बोललेलं प्रत्येक वाक्य तपासायला कुणी बसलं तर एकही चूक सापडणार नाही, हे तिला कळत होतं, आणि तेवढ्यात कान पुन्हा गरम झाले. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस होते. आज एकावन्न. आठ महिने, रोज तीन तास, आणि त्या माणसाने खरोखर कमावलेले चार. आज पहिल्यांदा ते चार डबीवर आले होते आणि ते बघून त्याचा चेहरा पडला होता.

"हात गार पडलाय," गुलजारबी म्हणाली. तिने त्याची दोन बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि चोळायला लागली. "एसटीत खिडकीला बसले होते. मी म्हणत होते काच लावा."

"गार नाही."

"मग नस धरली असेल. सहा सहा तास ठोकत बसायचं म्हणजे काय? लोखंड असतं तरी झिजलं असतं. ताई, नस धरते ना अशी?"

तिघंही ज्योत्स्नाकडे बघत होती. ती सायन्सवाली होती. "दुखतंय का?" तिने विचारलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

"दुखत नाही, तेच तर." सलाउद्दीनने हात सोडवून घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून पाहिला, एखादं दुरुस्तीला टाकलेलं यंत्र परत आल्यावर बघतात तसा. "दुखत असतं तर समजलं असतं. काल घरी असाच चालवला. तेव्हा पडत होते ना गं? विमान पाचव्या पातळीला नेलं होतं."

"नेलं होतं," गुलजारबी म्हणाली.

"मग रात्रीत काय झालं?"

"होतं असं कधी कधी," गोरक्ष म्हणाला. "आमच्याकडे काटा असतो, सकाळी एक दाखवतो, दुपारी एक. पुढच्या रविवारी या, पुन्हा मोजू."

"शनिवार येतो त्याच्या आधी," सलाउद्दीन म्हणाला. मग हसला. हसू वाईट नव्हतं, त्यामुळे ते बघवत नव्हतं. "जाऊ द्या. बरं झालं इथंच कळलं. सेठसमोर मोजलं असतं तर? सगळा कारखाना हसला असता. म्हणाले असते, आले बघा चॅम्पियन."

कप गोळा करायला गुलजारबी उठली. गोरक्ष राहू द्या, राहू द्या म्हणत असताना तिने ट्रे उचललाही, आणि खिडकीजवळ वाकली. "ताई, हे तुमचं काहीतरी पडलंय." तिने पुढे केलेल्या तळहातावर ती काळी टोपी होती. "बारीक आहे. पायाखाली गेलं असतं."

ज्योत्स्नाने ती घेतली. मूठ बंद केली. "थँक्यू," ती म्हणाली.

"महत्त्वाचं असेल ना?"

"हो."

गुलजारबीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपल्याकडून काहीतरी उपयोगाचं झालं असं. आणि त्याखाली दुसरंही काही होतं, ते ज्योत्स्नाला उशिरा ओळखू आलं. ती सुटकेच्या आनंदात होती. नवरा लूमवर जाणार नव्हता. तिला नको होतं ते टळलं होतं, तेही तिने अडवायला न जाता. हे बघून ज्योत्स्नाच्या मनात आलं की मग झालं की. सगळ्यांचं भलं झालं. चार दिवसांत माणूस विसरेल, वय झालं म्हणेल. ही टोपी खिशात जाईल. तिने खरोखर मूठ खिशाकडे नेली.

सलाउद्दीनने पाटाची वायर गुंडाळायला घेतली होती. एक टोक दाताने धरून, डाव्या हाताने, नीट वेटोळी घालत. पूर्वी सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या हाताची ती सवय होती. वायर झाल्यावर त्याने तिच्यावर रबर चढवलं, पाट रुमालाने पुसला, लाल बटणावरून रुमाल दोनदा फिरवला. मग तो पिशवीत ठेवायच्या ऐवजी त्याने ज्योत्स्नाच्या पुढे सरकवला.

"हा ठेवून घ्या, मॅडम."

"का?"

"तुम्ही एवढी मेहनत केलीत. ह्याच्यात काही खोट नाही, ते आत्ता दिसलं. खोट इकडे आहे." त्याने उजवा हात उचलून दाखवला आणि लगेच खाली घेतला. "दुसरा कुणी येईल माझ्यासारखा. ज्याचा हात चालतो त्याला द्या. माझ्याकडे नुसता पडून राहील. आणि ती हॉलवाली मंडळी आहेत ना, त्यांना सांगा, सलाउद्दीन आता येत नाही म्हणून. मला सांगायला कसंतरी वाटतं. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या."

"अहो, असं काय करता," गोरक्ष म्हणाला. "छंद आहे, खेळा की."

"छंद नव्हता तो, भाऊ." उजवा हात आता टेबलावर नव्हता. तो केव्हा खाली गेला ते ज्योत्स्नाने पाहिलं नव्हतं. "एक गोष्ट विचारू का, मॅडम? वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा जे ब्याण्णव पडले होते, ते पडले होते ना? मी नीट बघितलं होतं ना?"

"डबीवर ब्याण्णव होते," ज्योत्स्ना म्हणाली.

हेही खरंच होतं. ते वाक्य खोलीत पडलं आणि सलाउद्दीनने मान हलवली, दिलासा मिळाल्यासारखी, आणि पिशवी उचलली. गुलजारबीने ओढणी सारखी केली. दोन वाजताची गाडी मिळेल, असं काहीतरी ती म्हणाली. डाळिंबं खा ताई, गोड आहेत, असंही म्हणाली. गोरक्ष चप्पल शोधायला लागला, त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला. सलाउद्दीन दाराशी गेला तेव्हा कडी उजवीकडे होती, आणि त्याने ती काढायला उजवा हात न नेता अंग वळवून डावा हात नेला.

ज्योत्स्ना उठली. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली.

"सलाउद्दीनभाई, थांबा. बसा म्हणत नाही मी तुम्हाला. उभ्यानेच ऐका."

तो वळला.

तिने मूठ उघडून टेबलावर ठेवली. टोपी तळहाताला चिकटली होती, ती नखाने सोडवावी लागली. आठ महिने तयार असलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवलं नाही. बोलायला लागली तेव्हा आवाज वर्गात असायचा तेवढाच होता, आणि ती गोरक्षकडे किंवा गुलजारबीकडे न बघता त्याच्याकडेच बघत होती.

"तुमच्या हाताला रात्रीत काही झालेलं नाही. खोट मी केली आहे. ह्या पाटात मी एक चिप लपवली, तुम्ही एकदा दाबलं की ती दोनदा पाठवायची. पहिल्या दिवसापासून. मला तुमची कीव आली आणि मी तुम्हाला न विचारता ते केलं, मग वर सही पण केली. आणि आत्ता तुम्हाला लूमवरून अडवायला ती चोरून बंद केली आणि तुमचा हात बिघडला असं तुम्हाला वाटू दिलं. हे मी हॉलमध्येही सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं."